तबकडीच्या दोन्ही बाजू : लोकप्रिय गाण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकन गायक बिल हेली आणि त्याच्या ‘कॉमेट्स’नी १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे रॉक अँड रोल गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा डेका कंपनीने त्याला तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले. तबकडी बेताचीच खपली. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटात ते वाजले, आणि जुलैत अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिले येऊन आठ आठवडे तिथे ठाण मांडून बसले. आवाज तोच, वाद्ये तीच. ऐकणारे तेवढे नवे मिळाले. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. गाणे स्टुडिओत तयार होते. ते गाजते की नाही, हे ऐकणारा ठरवतो.

रॉक अँड रोलशी आपली ओळख करून देणारे गाणे म्हणजे ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातले ‘ईना मीना डीका’. गीत राजेंद्र कृष्ण यांचे. एकच चाल किशोरकुमारने गायली आणि आशा भोसले यांनीही. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, १९१८ साली पुणतांब्याला जन्मलेले. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याहून चांदवडमार्गे मनमाड गाठावे आणि दौंडच्या गाडीत बसावे, की गोदाकाठचे हे स्टेशन येते. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेल्या या माणसाने ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत पाश्चात्त्य ठेका मुरवून घेतला होता. त्यामुळे १९५७ चे गाणे ‘परदेशी नक्कल’ म्हणून निकालात काढता येत नाही. लाट बाहेरून आली, पण पोहणारा तयारीचा होता.

ती तयारी एकट्याची नव्हती. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ होते. ‘चिक चॉकलेट’ या नावाने हॉटेलांत ट्रम्पेट वाजवणारा हा वादक चित्रपटसंगीतात त्यांचा सहायक झाला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच स्वरलेखन शिकत. चाल संगीतकाराने हार्मोनियमवर सांगायची आणि कुठले वाद्य कुठे शिरेल हे अशा जाणकाराने कागदावर मांडायचे, अशी कामाची वाटणी असे. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या वाद्यवृंदांना उतरती कळा लागली, आणि स्टुडिओचे काम या वादकांना अधिकच मोलाचे झाले. गाण्याच्या इतिहासात असा अबकारी कायदाही येतो, हे नव्या अभ्यासकाला सुरुवातीला चमत्कारिक वाटेल. लवकरच त्याची गोडी लागेल.

आता एक मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हातात घ्या. दहा इंची, लाखेच्या मिश्रणाची, हातातून निसटली तर तुकडे होणारी. एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास जागा, म्हणून पडद्यावर लांबलेले गाणे इथे अनेकदा कापलेले सापडते. लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार आणि कंपनीचा क्रमांक. लेबलच्या कडेला, खोबणी संपतात तिथे, कोरलेला दुसरा क्रमांक तिरप्या उजेडात दिसतो. कोणत्या मूळ साच्यावरून तबकडी निघाली ते त्यावरून कळते. वादकांची नावे मात्र बहुधा नसतात. गायिकेचे नाव असेलच, याचीही एके काळी खात्री नव्हती: ‘महल’ (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. तबकडी काय सांगते याच्याइतकेच ती काय गाळते, हेही वाचावे लागते.

तबकडी विकत घेणारे थोडेच होते. बाकीच्यांपर्यंत गाणे रेडिओने पोचवले. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाअखेरीस तिथे अमीन सयानींचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. आकाशवाणीने चूक सावरली ती विविध भारती काढून, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. म्हणजे ‘ईना मीना डीका’च्याच वर्षी.

या वाटेवर चांगले सोबती आहेत. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा गीतकोश, मुंबईत सुरेश चांदवणकर आणि भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने जपलेला ठेवा, ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतल्या वादकांवर आणि लग्नाच्या बँडवर केलेले लेखन, नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जाझचा इतिहास. सी. रामचंद्रांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र तर मराठीतच आहे. मात्र आत्मचरित्रातली हकिकत तबकडीशी आणि तारखांशी ताडून मगच घ्यावी.

या सगळ्यांनी मुख्यतः मोठी शहरे तपासली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, म्हणजे आपला कसमादे, अजून मोकळा आहे. इथे गाणे तंबूतल्या सिनेमातून आले, हॉटेलातल्या रेडिओवरून आले, लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या क्लॅरिनेटवरून आले. बँडवाला ते आपल्या सोयीच्या पट्टीत बसवतो, संथ जागा गाळतो, नाचणाऱ्यांना हवी ती ओळ चारदा घेतो. ही त्या गाण्याची स्थानिक आवृत्ती, आणि तिची नोंद कुठल्याच सूचीत नाही. आज ‘केसावर फुगे’सारखे खानदेशातल्या अहिराणी बोलीतले गाणे यूट्यूबवरून निघून डीजेवर पोचते. गाण्याची वाट उलटी झाली: आता खानदेश वाजवतो आणि शहर ऐकते.

तेव्हा नोटेशन येत नाही, इंग्रजी कच्चे आहे, म्हणून कुणी दाराशी अडून राहू नये. देवळा तालुक्यातल्या उमराण्याच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, पहिला रेडिओ कुणाच्या घरी होता, बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला तिथे कोण जमायचे, वरातीत कोणते गाणे हटकून वाजायचे. उत्तर तारखेसह लिहा, सांगणाऱ्याच्या संमतीने आवाज मुद्रित करा, दुसऱ्या घरी पडताळा. १९५७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. ग्रंथ नंतरही वाचता येतील. त्याच्याकडे आधी जा.