वेळूच्या काठीचा विक्रमवीर

मालवणकडे पावसाळ्यांत व्हाळ दुथडी भरून वाहूं लागला कीं साकवावरूनच पैलतीर गांठावें लागतें. हॉलंडच्या सखल मुलखांतहि शेताशेतांमधून पाण्याचे पाट काढलेले असतात. पण तेथील शेतकऱ्यानें निराळीच युक्ति योजिली. लांब काठी पाटाच्या तळाशीं रोवावयाची, तिच्यावर अंगाचा भार टाकावयाचा आणि झोक्यासरशीं पलीकडे उतरावयाचें. फ्रीसलंड प्रांतांत या उडीच्या शर्यती अजून भरतात. आडव्या उडीच्या जोडीला पुढें उंच उडीसाठींहि काठी आली, आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळालें. वेळूच्या काठीनें सर्वांत मोठी उंची गांठणारा पुरुष एका डच शेतकऱ्याचाच मुलगा असावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

कॉर्नेलियस वॉरमरडॅम याचा जन्म २२ जून १९१५ रोजीं कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथें झाला. आईबाप हॉलंडहून येऊन स्थायिक झालेले. म्हणून सोबती त्याला 'डच' म्हणत. बालपण हॅनफर्डजवळच्या शेतावर गेलें. पीचच्या झाडाची फांदी ही त्याची पहिली काठी, आणि मातीचा ढीग ही उतरण्याची जागा. भाजीच्या मळ्यांत उड्या मारणाऱ्या या पोराला एका फिरत्या विक्रेत्यानें पाहिलें आणि ती गोष्ट फ्रेस्नोच्या कॉलेजांतील क्रीडाशिक्षकाच्या कानावर घातली, अशी कथा सांगतात.

वेळू म्हटला म्हणजे सिंधुदुर्गांतील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें माणगा येईल. माणगा जवळजवळ भरीव. मांडवाला, छपराला उत्तम, पण तो हातीं घेऊन भरधांव धांवावयाचें तर जड. उडीसाठीं जपानकडून येणारा पोकळ व हलका वेळू वापरीत. तो तडकूं नये म्हणून त्याला ठिकठिकाणीं पट्टी गुंडाळीत. धांवत येऊन काठीचें टोंक जमिनींतील खोबणींत अडकवावयाचें, कीं धांवेचा वेग काठीवाटे वर वळतो. मग पाय वर आणि डोकें खालीं अशा स्थितींत हातांनीं रेटा देऊन अंग आडव्या दांडीपलीकडे टाकावयाचें. आजची कांचतंतूंची काठी धनुष्यासारखी वांकते आणि खेळाडूला उसळी देते. वेळू थोडासाच वांके; उरलेलें सारें काम खांद्यांनीं आणि दंडांनीं करावयाचें. शिवाय एवढ्या उंचीवरून पडावयाचें तें वाळूंत किंवा लांकडाच्या भुशांत, गादीवर नव्हे! मल्लखांब केलेल्या माणसाला या कष्टांची कल्पना चटकन् येईल.

१९३७ सालीं सेफ्टन आणि मेडोज या दोघां अमेरिकनांनीं १४ फूट ११ इंच उंची गांठली होती. १५ फुटांना एकच इंच उणा. पण तो इंच जवळजवळ तीन वर्षें कोणाच्या हातीं लागला नाहीं. १३ एप्रिल १९४० रोजीं बर्कली येथें वॉरमरडॅमनें तो सर केला. त्या वेळीं तो शाळेंत शिक्षक होता. त्याच वर्षीं त्यानें ४.६० मीटर, १९४१ त ४.७२ मीटर आणि २३ मे १९४२ रोजीं मोडेस्टो येथें ४.७७ मीटर उंची ओलांडली. पुढच्या वर्षीं शिकागोला बंदिस्त क्रीडागृहांत तो आणखी दोन सेंटिमीटर वर गेला. पंधरा फुटांवरून तो एकंदर ४३ वेळां गेला. दुसऱ्या कोणाला तें साधावयास १९५१ साल उजाडावें लागलें.

परंतु हीं त्याच्या भरभराटीचीं वर्षें म्हणजेच महायुद्धाचीं वर्षें. १९४० चे ऑलिंपिक सामने आधीं टोकियोला व मग हेलसिंकीला व्हावयाचे होते, १९४४ चे लंडनला, दोन्ही बुडाले. १९३६ त बर्लिनला मिळविलेलीं आपलीं रुपेरी व कांस्य पदकें निशिदा आणि ओए या जपानी मित्रांनीं मधोमध कापून अर्धीं अर्धीं जोडून घेतलीं होतीं. त्यांतला ओए डिसेंबर १९४१ मध्यें फिलिपाइन्सच्या लढाईंत पडला. इकडे वॉरमरडॅम अमेरिकन आरमारांत दाखल झाला. जपानचा वेळूहि अमेरिकेंत येईनासा झाला.

युद्धानंतर तो क्रीडाशिक्षक झाला आणि त्या काळच्या कडक नियमांप्रमाणें हौशी खेळाडूंच्या सामन्यांना मुकला. १९४८ सालीं लंडनला गिन स्मिथनें वेळूच्याच काठीनें सुवर्णपदक मिळविलें, तें ४.३० मीटर उंचीला. वॉरमरडॅमच्या उच्चांकाहून ही उंची ४७ सेंटिमीटरांनीं कमी होती, आणि वॉरमरडॅम तर अवघा तेहेतीस वर्षांचा होता. ज्याच्यापुढें दुसरा कोणी नव्हता, त्याला ऑलिंपिकचें मैदान खेळाडू म्हणून कधीं लाभलेंच नाहीं.

त्याचा १९४२ चा उच्चांक २७ एप्रिल १९५७ रोजीं बॉब गुटोव्स्कीनें मोडला, आणि तोहि अवघ्या एका सेंटिमीटरानें. गुटोव्स्कीच्या हातांतली काठी धातूची होती. वॉरमरडॅम तेव्हां फ्रेस्नोच्या कॉलेजांत मुलांना मैदानी खेळ शिकवीत होता. १९८० पर्यंत तो तेथें शिकवीत राहिला. १३ नोव्हेंबर २००१ रोजीं त्याच गांवीं त्याचें निधन झालें.