नवं डिस्टॉर्शन पेडल : एकाला आवडतं, दुसऱ्याला नाही, असं का?

गिटारचा सिग्नल सर्किटच्या मर्यादेपलीकडे वाढवला की लहरींचे माथे कापले जातात. आवाज जाड, खरखरीत होतो. डिस्टॉर्शन पेडल हे काम पायाच्या एका दाबावर करतं. (तंबोऱ्याच्या जवारीची ही दांडगट चुलत बहीणच.)

बॉस कंपनीचं एचएम-२ हे पेडल १९९१ मध्ये बंद झालं आणि २०२० मध्ये नव्या रूपात आलं. पण पेडल कुठलंही असो, ते एकटं वाजत नाही. सिंगल-कॉइल पिकअपची गुणगुण त्यात वाढते, हंबकरची कमी. छोट्या ॲम्पवर तेच पेडल माशीसारखं भुणभुणतं. मतं फिरतात ती इथे.

भोर-वेल्ह्याहून पुण्याला पेडल घ्यायला जाणार असाल, तर आपली गिटार सोबत न्या आणि घरी आहे तेवढाच ॲम्प मागा. महागड्या ॲम्पवर बहुतेक पेडलं छानच वाटतात.