बोरघाट : डोंगर फुटला, मजुरी अडली

कर्जत सोडले की गाडीचा सूर बदलतो. मागून जोडलेली इंजिने जोर लावू लागतात, एकामागून एक बोगदे येतात आणि तास-दीड तासाच्या आत आपण लोणावळ्याच्या थंड हवेत पोचतो. रोज हजारो माणसे या वाटेने ये-जा करतात. पावसाळ्यात खिडकीतून धबधबे पाहायचे, एरवी डोळे मिटून घ्यायचे. पण हा रस्ता तयार व्हायला सव्वासात वर्षे लागली. त्या काळात एक मक्तेदार काम सोडून गेला, दुसरा काम हाती घेताच मरण पावला आणि ज्या मुख्य अभियंत्याने हा मार्ग आखला, त्याला त्यावरून धावलेली गाडी पाहता आली नाही.

आज कोणतेही मोठे विकासकाम निघाले, की 'समन्वय' हा शब्द हटकून कानावर येतो. धरण असो, मेट्रो असो वा महामार्ग, सगळ्या खात्यांत, कंपन्यांत आणि मक्तेदारांत समन्वय हवा असे सांगितले जाते. पण समन्वय म्हणजे नेमके काय? तो कुठे तुटतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याकडे बोरघाटाच्या रेल्वेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य अभियंता होता जेम्स जॉन बर्कली. ठाण्यापर्यंतचा मार्ग सपाटीचा. खरा प्रश्न पुढे सह्याद्रीचा होता. मुंबई बंदराला देशाशी जोडायचे तर दोन घाट चढणे भाग होते. नाशिकच्या बाजूला थळघाट आणि पुण्याच्या बाजूला बोरघाट. बोरघाटात १८३० पासून गाडीरस्ता होता. पण बैलगाडी जी चढण चढते, ती रेल्वेचे इंजिन चढत नाही.

बर्कलीच्या डोक्यावर किती मालक होते, तेही पाहू. भांडवल लंडनचे. कंपनीचे संचालक मंडळ लंडनला. भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिलेली, म्हणून कामावर सरकारची नजर. सरकारी सल्लागार अभियंत्याच्या संमतीशिवाय मोठा निर्णय व्हायचा नाही. प्रत्यक्ष काम मात्र मक्तेदाराकडे. मक्तेदाराच्या हाताखाली पोटमक्तेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि मुकादमाच्या मागे त्याची टोळी. लंडनच्या बैठकीपासून खंडाळ्याच्या कड्यावर पहार मारणाऱ्या माणसापर्यंत अशी पाच-सहा कड्यांची साखळी होती. लंडनला पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. रूळ आणि लोखंडी सामान केपला वळसा घालून जहाजाने येई, कारण सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ साली.

अनेक पाहण्या करून बर्कलीने मार्ग ठरवला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे पावणेसोळा मैल आणि तेवढ्यात १,८३१ फुटांची चढण. सरासरी चढ सुमारे ४६ फुटांना एक फूट, तर सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल आणि अनेक लहान पूल व मोऱ्या. वाटेत एका सोंडेवर वळायला जागाच नव्हती. तिथे त्याने एक युक्ती केली. गाडी सरळ पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागायची. या ठिकाणाला 'रिव्हर्सिंग स्टेशन' म्हणत. १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत गाड्या तिथे अशाच दिशा बदलत होत्या.

काम मिळाले विल्यम फ्रेडरिक फॅविएल यांना. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या भागीदारीतलेच हे मक्तेदार, म्हणजे अनुभवी माणूस. जानेवारी १८५६ मध्ये घाटात पहिली कुदळ पडली.

या कामात एका गोष्टीचा धागा दुसरीला कसा बांधलेला होता, ते बोगद्यांवरून समजते. लांब बोगदा लवकर खणायचा, तर डोंगरावरून मध्येमध्ये उभी विहिरीसारखी विवरे पाडतात, म्हणजे एकाच वेळी अनेक जागी माणसे लावता येतात. बोरघाटात कडे इतके उभे की ही सोय नव्हती. दोन तोंडांकडूनच खणायचे. म्हणजे तोंडापर्यंत पायवाट झाली नाही, तर बोगदा सुरू नाही. बोगदा नाही, तर त्यातून निघणारा दगड नाही आणि दगड नाही, तर शेजारचा भराव नाही. काही ठिकाणी पाय ठेवायलाही जागा नसे. तिथे माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडत आणि लोंबकळत ते सुरुंगाची भोके पाडत. डायनामाइट अजून यायचे होते. हातोडा, पहार आणि काळी दारू, एवढ्यावर काळा कातळ फोडायचा. त्यात जूनपासून पाऊस. उघड्यावरचे काम त्या महिन्यांत जवळजवळ थांबे. म्हणजे वर्षातले हाती आठ महिने आणि त्यातही उन्हाळ्यात डोंगरावर पाण्याची टंचाई.

दरम्यान घाटाच्या दोन्ही बाजूंचे मार्ग तयार होत होते. १८५६ मध्ये गाडी खोपोलीला पोचली आणि जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा गाडीतून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. दोन्हीकडे रूळ तयार आणि मधला दुवा नाही, म्हणजे दोन्हीकडच्या खर्चाचा पुरता उपयोग नाही. घाई सर्वांनाच झाली होती.

आता माणसांकडे वळू. सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास मजूर होते. १८६१ मध्ये हा आकडा ४२ हजारांवर गेला. बेचाळीस हजार माणसे म्हणजे त्या काळचे एक बऱ्यापैकी शहरच. ते एका डोंगरउतारावर, झोपड्यांत वसलेले. पाथरवट, गवंडी, सुरुंग लावणारे, माती वाहणारे. पुरुषांबरोबर बायका आणि मुलेही. एवढ्यांना धान्य हवे, पाणी हवे, निवारा हवा. यातले काहीच नकाशावर काढलेले नव्हते. कॉलऱ्याच्या साथी आल्या आणि झोपड्यांच्या झोपड्या रिकाम्या झाल्या. किती माणसे मेली याचे अंदाज हजारांच्या घरात सांगितले जातात. नावनिशीवार यादी मात्र कुणी ठेवली नाही. पुलांच्या कमानी मोजल्या गेल्या, बोगद्यांची लांबी यार्डांत नोंदली गेली. माणसांचा हिशेब मुकादमाच्या हजेरीपटाबरोबर संपला.

आणि नेमकी इथेच साखळी तुटली. कंपनी मक्तेदाराला पैसे देई, झालेल्या कामाच्या मोजमापावर. मक्तेदार पोटमक्तेदाराला देई, तो मुकादमाला आणि मुकादम टोळीला. प्रत्येक पायरीवर काही दिवस जात आणि काही रक्कमही जाई. शेवटच्या माणसाला मजुरी मिळे ती उशिरा आणि अपुरी. गावाकडून उचल घेऊन आलेला, वाण्याकडे उधारी झालेला मजूर पैसे हातात पडल्याशिवाय परतही जाऊ शकत नव्हता. कामाचे मोजमाप घ्यायला अभियंता होता, कमानीचा दगड तपासायला देखरेख करणारा होता. पण मजुराच्या हातात मजुरी पडली की नाही, हे पाहण्याचे काम कुणाचेच नव्हते. कंपनी म्हणे, तो मक्तेदाराचा प्रश्न. मक्तेदार म्हणे, पोटमक्तेदाराचा.

जानेवारी १८५९ मध्ये या असंतोषाचा स्फोट झाला. थकलेली मजुरी मागणारे मजूर जमले, दगड आणि काठ्या निघाल्या, युरोपीय कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. १८५७ च्या उठावाला दोन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे सरकार दचकले. चौकशी झाली. तीत जे पुढे आले, ते बंडाचे कारस्थान नव्हते. मजुरी वेळेवर मिळत नव्हती आणि मधल्या माणसांकडून फसवणूक होत होती, एवढेच साधे कारण होते.

दोन महिन्यांत, मार्च १८५९ मध्ये, फॅविएल यांनी मक्ता सोडला. मधल्या काळात कंपनीच्या अभियंत्यांनी काम सांभाळले. मग सॉलोमन ट्रेडवेल या नव्या मक्तेदाराला बोलावण्यात आले. ते त्याच वर्षी भारतात उतरले आणि पंधरवड्याच्या आत आजारपणाने गेले. कुणालाही वाटले असते की आता त्यांची पत्नी पहिल्या जहाजाने परत जाईल. ॲलिस ट्रेडवेल परत गेल्या नाहीत. त्यांनी पतीचा मक्ता आपल्या नावावर चालू ठेवला आणि प्रत्यक्ष कामाची सूत्रे ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांकडे दिली. या कामाची माहिती असलेल्या दोघांना पूर्ण अधिकार देऊन पुढे करणे, हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला. बेचाळीस हजार मजुरांचा आकडा याच काळातला आहे.

सरकारनेही एक पाऊल उचलले. १८६० च्या नवव्या कायद्याने रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकालात काढावेत अशी तरतूद झाली. मजुराला दाद मागण्याची एक जागा मिळाली. पण त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही होती. न्याय आणि धाक एकाच कागदावर आले.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली तिथे नव्हते. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले होते आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वारले. ऐन चाळिशीतले त्यांचे वय होते. समारंभात मजुरांचीही आठवण निघाली असेल, पण घाटातल्या माणसांनी आपली आठवण वेगळ्या रीतीने जपली आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणजे शिंगरोबा आणि वाट सापडल्यावर त्यालाच मारले, अशी कथा सांगतात. तिला कागदाचा पुरावा नाही, ती दंतकथाच. पण डोंगर ज्याच्या पायाखालचा होता त्याचे श्रेय बुडाले, ही लोकांची भावना तिच्यात उतरली आहे.

गोष्ट इथेच संपत नाही. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घाटातला म्हाऊकी मळीचा कमानी पूल कोसळला. अवघ्या चार वर्षांत. त्यानंतर कंपनीच्या मार्गांवरील बांधकामांची तपासणी झाली आणि अनेक पुलांचे दगडकाम सदोष निघाले. कित्येक पूल नव्याने बांधावे लागले. दर्शनी दगड घडीव, आत भर हलकी, असा प्रकार होता. पूल एकाच्या हाती, चुना दुसऱ्याच्या हाती, तपासणी तिसऱ्याच्या हाती आणि उद्घाटनाची घाई सगळ्यांना.

मजुरीचा दंगा आणि पुलाचे कोसळणे या दोन घटना वरवर वेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. बर्कलीच्या आराखड्यात चूक नव्हती. मार्गाची आखणी इतकी पक्की होती की तो मार्ग, काही बदलांसह, साठ-पासष्ट वर्षे चालला. चुकले ते दोन भागांच्या सांध्यात. एका मक्त्याचे काम जिथे संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तिथे उभे राहायला माणूस नव्हता. मोठ्या कामाचा व्यवस्थापक म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडणारा साहेब, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे खरे काम असते, जे कुणाच्याच कामात मोडत नाही ते आपले मानण्याचे. बोगदा खणायला अभियंते होते. मजुराच्या हातात शनिवारी पैसे पडले का, हे विचारणारा हवा होता.

हा धडा शिकायला आपल्याला फार वेळ लागला. मक्तेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व देशभर लागू झाले ते १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने. बोरघाटातील दंग्यानंतर १११ वर्षांनी. आणि कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. उड्डाणपुलाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे, अभियंत्यांचे, कंपनीचे नाव असते. पुलाखाली ताडपत्रीच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाची मजुरी आजही तीन-चार हातांतून उतरत येते आणि प्रत्येक हाताला थोडी चिकटते.

म्हणून एखादे मोठे काम रखडल्याची बातमी आली, की आपण फक्त जमीन, निधी आणि परवानग्या यांची चौकशी करून थांबू नये. पैशांची साखळी कुठवर पोचते, शेवटच्या कडीला कोण उभे आहे आणि त्याच्यापर्यंत पाहणारा कुणी नेमला आहे का, हेही विचारावे. घाटाचा कातळ माणसांनी सव्वासात वर्षांत फोडला. त्या मानाने हा प्रश्न अवघड नाही. तो विचारणारा तेवढा हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)