मंडळावर बसावे कोणी?

लोककल्याणाच्या संस्थांचा इतिहास सांगताना इमारती, देणग्या आणि आश्रितांची संख्या यांचा हिशेब हटकून मांडला जातो. त्या संस्थांच्या कारभारी मंडळांवर माणसे कोणी बसविली आणि कोणत्या अधिकाराने बसविली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. गोमंतकापुरता, आणि त्यातही पेडणे व डिचोली या दोन महालांपुरता, तो प्रश्न आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

जुन्या काबिजादीत या कार्याची सर्वांत जुनी राजमान्य संस्था म्हणजे सांता काझा द मिझेरिकोर्दिया. लिस्बन येथे 1498 मध्ये राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने अशी पहिली संस्था निघाली आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्याच धर्तीवर गोव्यात दुसरी उभी राहिली. रुग्ण, कैदी, विधवा आणि अनाथ मुली यांचा सांभाळ हे तिचे काम. तिचे मंडळ तेरा जणांचे असे. प्रमुख तो प्रोवेदोर; उरलेल्या बारांपैकी निम्मे सरदार घराण्यांतले व निम्मे कारागीर वर्गातले. निवडणूक दर वर्षी होई. हिंदू रयतेला तेथे अर्थातच स्थान नव्हते. वृद्धांची आश्रयस्थाने चालविणाऱ्या ‘प्रोवेदोरिया’ या सरकारी संस्थेच्या नावात त्या जुन्या पदाची आठवण टिकून आहे.

पेडणे आणि डिचोलीची गोष्ट निराळी. डिचोली 1781-82 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीतील प्रजेच्या देवधर्मात व रीतिरिवाजांत हात घालावयाचा नाही, असे राज्यकर्त्यांनी ठरविले होते. त्यामुळे शिवछत्रपतींनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेले नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ डिचोलीत जसेच्या तसे राहिले. या मुलखात सार्वजनिक उत्पन्नाची आणि सार्वजनिक कारभाराची जागा म्हणजे देवस्थान. पूजाअर्चा, उत्सव, वाटसरूंसाठी अग्रशाळा हे सारे त्याच्याच जमिनींवर चाले.

या कारभाराला सरकारने 1886 च्या नियमावलीने लेखी चौकट दिली आणि 1933 मध्ये ती नव्याने बांधली. महाजनांनी तीन वर्षांसाठी समिती निवडावी. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार यांनी कारभार पाहावा. जमाखर्चावर महालाच्या प्रशासकाची नजर असावी, अशी ती व्यवस्था. मुक्तीनंतर प्रशासकाचे ते काम मामलेदाराकडे आले. परंतु महाजन व्हावयाचे ते जन्माने. देवळाची जमीन कसणारे कूळ, वाजंत्री, दिवटीवाला हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच देवाची सेवा करीत. पण समिती निवडताना त्यांना कोणी विचारीत नसे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये ग्रामपंचायतींच्या, तर 1963 च्या डिसेंबरात विधानसभेच्या निवडणुका झाल्या आणि पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ज्यांना मंडळांच्या दाराशीही कोणी उभे केले नव्हते, त्यांच्या मतांवर हे सरकार आले होते.

याच सुमारास कल्याणकार्याची नवी पद्धत गोव्यात पोचली. केंद्रीय समाजकल्याण मंडळ 1953 मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले होते. सरकारी पैसा बिगरसरकारी कार्यकर्त्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या हातून खर्च व्हावा, ही त्यामागील दृष्टी. राज्यांच्या मंडळांवर काही सभासद राज्य सरकार नेमी व काही केंद्रीय मंडळ. जन्माची अट गेली, धर्माची गेली. तिच्या जागी नेमणूक आली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. जुन्या मंडळांचे दार अरुंद होते. पण आत कोण जातो, किती काळासाठी जातो आणि बाहेर केव्हा पडतो, हे गावात सर्वांना ठाऊक असे. नेमणुकीने दार सताड उघडले, पण किल्ली सत्तेवरील पक्षाच्या कनवटीला गेली. सरकार पालटले की मंडळे पालटतात; निवडणुकीत तिकीट हुकलेल्याची समजूत महामंडळाच्या खुर्चीने काढली जाते. हा रिवाज भारतात कोठेच नवा नाही.

त्यावर उपाय नाही असे नाही. 2012 च्या निवडणुकीपासून पेडण्याची विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, कायद्याने मिळालेली आहे. मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदा, 2015 याने असेच केले. बालकल्याण समितीत अध्यक्ष व चार सभासद असावेत, त्यांत निदान एक स्त्री असावी, मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव असावा आणि मुदत तीन वर्षांहून अधिक नसावी, हे त्यात लिहिलेले आहे. महाजनांची मुदतही तीनच वर्षांची होती.

कल्याणाच्या प्रत्येक मंडळाला असाच लेखी नियम हवा. त्यात आणखी एक कलम असावे, असे आमचे नम्र मत आहे: ज्यांच्यासाठी मंडळ, त्यांच्यातला निदान एक जण मंडळावर असलाच पाहिजे. दिवटीवाल्याने इतकी शतके दुसऱ्यांना उजेड दाखविला. आता जमाखर्चाच्या वहीवर त्याचीही सही असावी.