गोरेपणाच्या मलमातला पारा

पारा म्हटला की आपल्याला तापमापक आठवतो. तो फुटला की मुलांना लांब करायचे, हे घराघरांत ठाऊक असते. पण हाच पारा क्षाराच्या रूपात कित्येक शतके चेहऱ्याला चोळला गेला आहे. आज मी त्याची हकीकत सांगणार आहे.

आपल्या कातडीतले रंगद्रव्य एका विकराच्या मदतीने तयार होते. त्या विकराला तांबे लागते. पारा तिथे शिरून त्याचे काम बंद पाडतो. रंगद्रव्य घटते, चेहरा उजळतो आणि आपण म्हणतो, ‘गुण आला.’ पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. दुखत काहीच नाही, म्हणून लक्ष जात नाही.

हा संबंध ठळकपणे पुढे आला तो केनियातल्या नैरोबीत. अशी सूज घेऊन आलेल्या ६० रुग्णांची पाहणी १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण गोरे होण्याची मलमे लावत होते आणि त्या मलमांत पाऱ्याचा क्षार होता. मलम सोडल्यावर अनेकांचा आजार ओसरला. १९७३ साली अमेरिकेने सौंदर्यप्रसाधनांतल्या पाऱ्यावर कडक मर्यादा घातली. १९७६ साली युरोपनेही, काही अपवाद वगळता, तो वर्ज्य ठरवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण युरोपातल्या कारखान्यांत पाऱ्याचा साबण त्यानंतरही बनत राहिला. तो घरी विकायचा नव्हता, आफ्रिकेत पाठवायचा होता! त्या निर्यातीवर युरोपीय संघाची बंदी आली ती थेट २००३ साली. आपल्या लेकीसुनांना जे चालत नाही ते दुसऱ्यांच्या लेकीसुनांना विकायचे, असा हा पाव शतकाहून अधिक काळचा व्यापार.

आपल्याकडे काय आहे? २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही. तरीही २०२३ च्या आरंभी अकोल्याच्या एका घरातल्या तिघी मायलेकींची बातमी आली. तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. त्याच सुमारास केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही गोरेपणाची क्रीमे लावणाऱ्या रुग्णांत असाच मूत्रपिंडाचा विकार आढळला. नैरोबीला पन्नास वर्षे उलटून गेली होती.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ साली ठरवले, की पारा घातलेले कोणतेही सौंदर्यप्रसाधन २०२५ नंतर बनवायचे नाही, आयात-निर्यात करायचे नाही. कायदा हवाच. पण बिनलेबलाची डबी कायद्याला विचारून घरात येत नाही. ती शेजारणीच्या, मैत्रिणीच्या शब्दावर येते. ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द जोवर छापला जातो, तोवर तिला गिऱ्हाईक आहे.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पारा लागला की सोने पांढरे पडते, हे कोणताही सोनार सांगेल. तेव्हा ‘दागिन्यांना लावू नये’ अशी सूचना क्रीमच्या डबीवर दिसली, तर ती डबी परत करा. आणि अंगावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता क्रीमची डबी सोबत न्या. औषधांच्या यादीत ती कोणी सांगत नाही, आणि नेमके तिथेच दुखणे लपलेले असते.