वतन आणि कामाचे तास

आम्ही कामगार चळवळीतली माणसे कोणत्याही नोकरीविषयी प्रथम दोन प्रश्न विचारतो: काम किती तास, आणि पगार देणार कोण? महार वतनाला हेच प्रश्न लावून पाहावेत असे आम्हांस वाटते.

वतन म्हटले की मानमरातब डोळ्यांपुढे येतो. महाराच्या वाट्याला राबणूक आली. साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवणे, सरकारी निरोप गावोगाव नेणे, आलेल्या अंमलदाराच्या तैनातीस राहणे ही सरकारची कामे. मेलेली गुरे ओढणे हे गावचे. मोबदला काय, तर इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांनी दिले तर बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी बांधून टाकली, पण तिचे तास काही बांधले नाहीत. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातले दुसरे माणूस कामाला धरीत.

कोणी म्हणतील, ही जुनी रूढी. यात सरकारचा काय दोष? दोष हा, की काम सरकारने घेतले आणि पोट गावाच्या मर्जीवर सोडले.

१९२२ साली कारखान्यांतील आठवडा कायद्याने ६० तासांचा झाला. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाला निदान सुटीचा भोंगा मिळाला. गावी राहिलेल्या त्याच्या भावाला तोही नव्हता. १९२८ साली आपल्याच जिल्ह्यातील आंबडव्याच्या घराण्यातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा, आणि ज्याला चाकरी नको त्याला ती सोडता यावी, एवढेच मागणे होते. ते विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूर खाते सांभाळीत असताना, १९४६ साली, कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आला. वतनदार महार तेव्हाही रात्रंदिवस बांधलेलाच होता. ते वतन गेले १९५८ च्या कायद्याने.

शिवाशिव डोळ्यांना दिसते. बेहिशेबी काम दिसत नाही. वतनानंतर आलेल्या कोतवालालाही पगाराऐवजी मानधनच मिळत आले, आणि चतुर्थ श्रेणीसाठी त्याला वर्षानुवर्षे भांडावे लागले. म्हणून नागरिकांना आमचे सांगणे एवढेच: आपल्या गावची गटारे उपसणाऱ्याचे तास कोण लिहितो, आणि जादा कामाचा पैसा त्याला कोण देतो, हे कचेरीत जाऊन एकदा विचारा.