ट्रकमधून गेलेली ठिणगी आणि तिचे पुनरागमन : नांदेड-लातूरच्या रस्त्यांचा एक इतिहास

१/ ट्रकचा स्पार्क प्लग कधी बदलावा आणि कोणता घ्यावा? १९५० साली नांदेड-लातूरच्या गॅरेजात हा प्रश्न नित्याचा होता. १९८० पर्यंत मालवाहतुकीपुरता तो जवळजवळ नाहीसा झाला. आज तो परतला आहे. या जाण्यायेण्यामागे निजामी राजवट, महायुद्ध आणि इंधनाचे अर्थकारण उभे आहे. मित्रहो, हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. लातूरला बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ मध्ये पोहोचला. नांदेड हैदराबाद-मनमाड या मीटरमापी मार्गावर होते. रूळ शहरापर्यंत येत; खेड्यातला कापूस, तूर आणि करडई अडतीपर्यंत मात्र रस्त्यानेच येई. आधी बैलगाडी, मग मोटार.

३/ निजामाची रेल्वे संस्थानाने १९३० मध्ये विकत घेतली आणि जून १९३२ मध्ये याच रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी त्याच्याकडे २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या या सेवेची ओळख ठरल्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, हे ध्यानात ठेवावे.

४/ म्हणजे मुंबई बंदरात उतरलेला सुटा भाग लातूरला आणायचा, तर संस्थानची सीमा ओलांडावी लागे. पलीकडे संस्थानचे स्वतंत्र करोडगिरी खाते आणि स्वतंत्र हाली सिक्का. अंगठ्याएवढा प्लगसुद्धा दोन राजवटींच्या हिशेबांतून जाई.

५/ आता यंत्राकडे वळू. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि विद्युत ठिणगीने पेटवले जाते. एत्येन लनुआरच्या १८६० च्या गॅस इंजिनात विद्युत ठिणगी होतीच. १९०२ मध्ये बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली. त्यानंतर ठिणगी भरवशाची झाली.

६/ प्लगच्या व्यापारातले एक गमतीचे प्रकरण. आल्बेर शांपियाँ हा १८९९ च्या पॅरिस-रूबे सायकल शर्यतीचा विजेता. अमेरिकेत त्याने प्लगचा कारखाना काढला. पुढे भागीदारांशी फारकत झाली. ‘चॅम्पियन’ हे नाव भागीदारांकडे राहिले आणि त्याच्या नव्या कंपनीला ‘एसी’ ही त्याची आद्याक्षरे मिळाली. जगभरच्या दुकानांत स्पर्धा करणारे हे दोन डबे मुळात एकाच माणसाच्या नावाचे होते!

७/ दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, भारतात पेट्रोलचे रेशनिंग आले. अनेक बस आणि ट्रक कोळशाच्या वायूवर चालू लागले. गाडीला भट्टी जोडायची, कोळसा अर्धवट जाळायचा आणि निघालेला वायू इंजिनात सोडायचा. शक्ती ३० ते ५० टक्क्यांनी घटे. वायू नीट गाळला गेला नाही, तर राख आणि डांबर आत जाऊन प्लग काजळून जात. तरीही हे शक्य झाले ते ठिणगीमुळेच. ठिणगीचे इंजिन इंधन बदलून घेते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

८/ युद्ध संपले आणि लष्कराचे फोर्ड व शेवरले ट्रक लिलावात निघाले. देशातील अनेक मालवाहतूकदारांची सुरुवात अशा गाड्यांवर झाली. आठ सिलिंडरच्या फोर्डला आठ प्लग, सहा सिलिंडरच्या शेवरलेला सहा. शिवाय आटे कुठे १८ मिलिमीटरचे, कुठे १४, कुठे १०. ‘कोणता प्लग’ या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे हेडमध्ये बसणारा. आट्यांची लांबी चुकून जास्त झाली, तर पिस्टन थेट प्लगवर आदळतो.

९/ ‘कधी बदलावा’ याचे त्या काळचे ढोबळ उत्तर होते दहा हजार मैल, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटर. त्यामागचे गणित पाहा. इंजिनाचे फेरे मिनिटाला २,००० असतील, तर एका प्लगवर मिनिटाला १,००० ठिणग्या पडतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने १६,००० किलोमीटर म्हणजे ४०० तास. एकूण ठिणग्या २ कोटी ४० लाख. लातूर-नांदेडच्या शंभरावर खेपा एका प्लगवर!

१०/ प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म कण उडवते. इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल होतात, गॅप वाढते आणि ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. मग घाटात, भार असताना, इंजिन ‘मिसिंग’ करते. तोपर्यंत अधूनमधून प्लग काढणे, कार्बन खरवडणे आणि फीलर गेजने गॅप नीट करणे, हे क्लीनरच्या शिक्षणातले पहिले धडे होते.

११/ प्लगच्या टोकाचा रंग हे जुन्या मिस्त्रींचे निदानशास्त्र. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट म्हणजे रिंगा झिजल्या. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे इंजिन अति तापते किंवा प्लग चुकीच्या श्रेणीचा आहे.

१२/ ही श्रेणी उष्णतेची. टोक साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर काजळी आपोआप जळते. ८५० च्या वर गेले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटू लागते. उष्णता लवकर सोडणारा तो ‘थंड’ प्लग, सावकाश सोडणारा तो ‘गरम’. अवजड भार वाहणाऱ्या इंजिनाला फार गरम प्लग घातक. आजही सावध राहा : एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉश आणि चॅम्पियनच्या क्रमांकात तो गरम होतो.

१३/ मग प्लग गेला कुठे? १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधण्यास आरंभ केला. दक्षिणेत लेलँडचे डिझेल ट्रक होतेच. जुन्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवण्याची लाटही आली. डिझेल स्वस्त आणि त्याच अंतराला कमी लागणारे. वाहतूकदाराने निर्णय घेण्यास एवढे पुरे होते.

१४/ डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. काही डिझेल गाड्यांतला ‘हीटर प्लग’ थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी असतो. तो ठिणगी टाकत नाही. मिस्त्रींचे लक्ष आता पंप आणि नोझलकडे गेले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने स्पार्क प्लगही बनवले आणि डिझेलचे पंपही. संक्रमणाच्या दोन्ही बाजू एकाच छापाच्या डब्यांत आल्या.

१५/ याच सुमारास राजकीय नकाशाही बदलला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. करोडगिरीचे नाके गेले, हाली सिक्का गेला आणि ट्रकमधली ठिणगीही जाऊ लागली.

१६/ आता पुनरागमन. सीएनजीचे मालवाहू ट्रक रस्त्यावर आले आणि वायूबरोबर ठिणगी परतली. कोळशाच्या वायूचे तत्त्वच नव्या रूपात आले. फरक असा की मिथेन पेटवण्यास अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे प्लगवरचा ताण वाढतो. आणि मिथेन स्वच्छ जळते, म्हणून झिजलेला प्लगसुद्धा दिसायला स्वच्छ असतो. रंग पाहून निदान करण्याची जुनी विद्या इथे अपुरी पडते. गॅप मोजावीच लागते.

१७/ म्हणून आजचे उत्तर. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक, गॅप आणि बदलण्याचे अंतर हेच प्रमाण. पेट्रोल गाडीचे अंतर सीएनजीला लावू नये. साध्या निकेलच्या टोकापेक्षा प्लॅटिनम आणि इरिडियम अधिक टिकतात. इरिडियम सुमारे २,४५० अंशांना वितळते, निकेल १,४५५ अंशांना. इरिडियमचे बारीक टोक पॉलिश पेपरने घासू नये. प्लग थंड इंजिनात, आधी हाताने आटे धरवून बसवावा. मिसिंग दुर्लक्षिले, तर न जळलेला वायू सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून निकामी करतो आणि तो खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पट असतो.

१८/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. मराठवाड्याचा इतिहास आपण सनदा, फर्माने आणि मुक्तिसंग्रामाच्या कागदांतून वाचतो. तो वाचायलाच हवा. पण पेट्रोल ट्रक हाताळलेली पिढी आता जवळपास संपली आहे. तिची बिले, लॉगबुके आणि प्लगचे पत्र्याचे डबे रद्दीत आणि भंगारात जात आहेत. उदगीर, अहमदपूर, लोहा, देगलूर इथल्या एखाद्या जुन्या गॅरेजात असे काही आढळले, तर त्याचे छायाचित्र घ्या, साल आणि गाव लिहून ठेवा, वृद्ध मिस्त्रींची आठवण ध्वनिमुद्रित करा. रस्त्यांचा इतिहास लिहायचा, तर हीच त्याची दप्तरे आहेत.